मैनेचा जंतू

"हलू नको गो बाय, मुंगी चावल्यागत होईल," भागोजी म्हणाला. इस्पितळाच्या लॅबमधल्या एकतीस वर्षांत हे वाक्य त्याने हजारो पेशंटांना ऐकवलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांपेक्षा ही मेंढी समजूतदार निघाली.

सुलेमान मटणवाल्याने तिचं डोकं काखेत धरलं होतं. बकरी ईदसाठी आणलेली ही मेंढी आदल्या आठवड्यात पाय मोडून बसली. लंगडं जनावर कुर्बानीला चालत नाही, म्हणून आता दुकानामागे आरामात चरत होती. भागोजीने मानेवरची लोकर भादरून, स्पिरिट लावून सिरिंजभर रक्त काढलं, काचेचे मणी घातलेल्या चंबूत सोडलं आणि तो चंबू गोल गोल फिरवत उभा राहिला. हात थांबला असता तर रक्त गोठलं असतं.

"माझ्याकडनं लोक मटण नेतात, तू रक्त नेतोस आणि जनावर ठेवतोस," सुलेमान म्हणाला. "कोण आजारी हाय?"

"आजारी कोण नाय. लॅबमधला जंतू उपाशी हाय. घाटात दरड आली, जंतू वाढवायच्या कोल्हापूरच्या तयार प्लेटा आल्याच नाय."

"कुणाचा जंतू?"

"मैनेचा."

सुलेमानचं हसू तिथेच राहिलं. महिन्यापूर्वी भागोजीच्या बायकोच्या मयताला तोही आला होता.

"म्हणजे... जेणं वहिनीला नेलान, तोच?"

"तोच."

"आणि तू त्याला रक्त पाजतोस?"

"एक दिवसाआड," भागोजी म्हणाला.

न्यूमोनियाचा हा जंतू तसा कितीतरी जणांच्या नाकात निमूट राहतो. साखरेचा अंगरखा घालून फिरतो, त्यामुळे अंगातले पहारेकरी धरायला गेले की त्यांचा हात सटकतो. मग एखाद्या दिवशी तो खाली फुप्फुसात उतरतो, हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं आणि चांगलं चालतं-बोलतं माणूस कोरड्या खाटेवर बुडतं. मैना चार दिवसांत बुडली.

माणसाबाहेर मात्र साहेब भारी नाजूक. लाल प्लेटवर ताजं रक्त हवं. मेणबत्ती पेटवून झाकण लावलेल्या बरणीतली कोंदट हवा हवी. शिवाय दोन दिवस दुर्लक्ष झालं की स्वतःच स्वतःला फोडून मोकळा. लॅबच्या तरुण डॉक्टर तेजस्वी म्हणायच्या, औषधाची खरी जागा तिथेच आहे, त्याच्या पोटात स्वतःलाच कापणारी कात्री असते, ती वेळेआधी चालवायला लावायची. भागोजीला हे लगेच पटलं होतं. जरा दुर्लक्ष झालं की फुटणारे दोघेतिघे त्याच्या सासरवाडीतही होते.

घरी मैनेच्या फोटोपुढचा दिवा दोनदा लावायचा राहिला, पण बरणीतली मेणबत्ती एकदाही चुकली नाही.

"मरू दे की मेल्याला!" सुलेमान म्हणाला.

"ह्या जंतूवर साखरेचा अंगरखा असतो, त्याचे शंभरेक प्रकार, सुलेमानभाई. लस त्यातले काही ओळखते, बाकीचे नाय. मैनेच्या जंतूचा अंगरखा कुठचा, तां पुण्याची लॅब सांगणार. दोनदा पाठवला, दोनदा वाटेत मेला. आता त्यांचा माणूसच न्यायला येतोय, दरड निघाली की."

"सांगून वहिनी परत येणार हाय?"

भागोजी चंबू फिरवत राहिला. "तिला शुगर. डॉक्टरीणबाय तीन वर्षं सांगत होत्या, बायकोला लस देऊन घ्या. ती नाय म्हणाली नाय कधी. मीच म्हटलं, गणपती होऊ देत. मग म्हटलं, आंबे होऊ देत. आमच्या फ्रिजात लस, मी रोज तोच फ्रिज उघडतो. अंगरखा लशीत नसला तर देवाची मर्जी. असला तर..."

सुलेमानने मेंढीचं डोकं सोडलं. त्याने मेंढीला मूठभर पाला घातला.

त्या दुपारी तेजस्वीने भागोजीला नव्या प्लेटा ओतताना पाहिलं. "काका, पुण्याला दुसरे नमुने मिळतील. तुम्ही हा सोडून द्या. कुणी विचारणार नाही."

"मी विचारीन ना," भागोजी म्हणाला आणि पुढची प्लेट ओतली. दुसऱ्या दिवशी त्यांवर जंतूची हिरवट वर्तुळं उमटली. मधे कॅरमच्या सोंगटीसारखी खोलगट, टवटवीत. भागोजीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

चार दिवसांनी दरड निघाली. पुण्याचा माणूस येऊन जंतूला डब्यात घालून जावयाच्या इतमामाने घेऊन गेला. या वेळी तो जिवंत पोचला.

अहवाल पंधरवड्याने आला. सकाळी नऊला भागोजीने मेल उघडली. मजकूर एकच ओळ होता, अंगरख्याच्या प्रकाराचा नंबर. लशीच्या खोक्यावरची यादी त्याला पाठ होती, तरी तो फ्रिजपाशी गेला, खोकं काढलं आणि बोट ठेवून वाचलं. नंबर यादीत होता. त्याने खोकं परत ठेवलं आणि रजिस्टरात नोंद केली.

साडेदहाला तेजस्वी आली. ती मेल आपल्या एकटीलाच आली, असा तिचा समज होता.

"काका, रिपोर्ट आला." ती खिडकीकडे बघत म्हणाली, "वेगळाच प्रकार निघाला. लशीत नसलेला. लस घेतली असती तरी उपयोग नव्हता."

पोर खोटं बोलायला शिकली नव्हती. तिचे कान लाल झाले होते.

"असं होय," भागोजी म्हणाला. "बरं झालं सांगितलात. जीवाला बरं वाटलं."

तेजस्वीने सुटकेचा श्वास सोडला. तो बघून भागोजीला खरंच थोडं बरं वाटलं.

"आता उरलेल्या प्लेटा नष्ट करून टाका, काका."

लॅबमधला ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर. पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं, आत काही जिवंत राहत नाही. बटण दाबायचं आणि चहाला जायचं, हा एकतीस वर्षांचा रिवाज. भागोजीने प्लेटा पिशवीत बांधल्या, आत ठेवल्या, झाकण आवळलं.

शिपाई बाबल्या दारात आला. "चला भागोजीनू, च्या निवतेय."

"तू हो फुडं."

मैनेच्या अंगातून आलेलं आणि अजून जिवंत असलेलं रत्नागिरीत तेवढंच उरलं होतं. दाबाचा काटा हळूहळू चढला. लॅबमध्ये अनवाणी फिरू नये, अशी पाटी भिंतीवर होती. ती भागोजीनेच रंगवली होती. काटा पंधरावर आला तशा त्याने चपला काढून कडेला ठेवल्या, आणि वीस मिनिटं तसाच उभा राहिला.