तिसरी प्रत

"शेवटच्या हिवाळ्यातलं सगळं पुसून टाक, रेनो. आणि पुसलं म्हणून मला सांगत बसू नकोस. पूस."

व्हर्नाचं हे बोलणं रेनो टुओमीच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. तिचं डोकं ठिकाणावर असलेल्या एका दिवशी ती हे म्हणाली होती. तसे दिवस तेव्हा कमीच येत. तीस वर्षं ती कॅनडातल्या थंडर बेच्या नाचाच्या हॉलांत आणि बंदरावरच्या बारमध्ये गायली. कुठल्या कंपनीने तिला कधी विचारलं नाही. तिची सगळी गाणी उतरली ती रेनोच्या तळघरात, भट्टीच्या शेजारी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या जुन्या घोंगड्यांच्या मध्ये. शेवटच्या हिवाळ्यात डोक्यातली गाठ तिचे शब्द खात चालली होती, तरी दर गुरुवारी ती जिना उतरून यायचीच.

"हो," रेनो म्हणाला होता.

"हो काय? हो म्हणायला तुझं काय जातं? शपथ घे."

"कोणाची?"

"देवाला तर तू मोजत नाहीस. तुझ्या त्या डबड्यांची घे."

टेबलावर डिस्कांची काळी डबडी घुंघुं करत होती. रेनोने हसत एकावर हात ठेवला. ते कोमट लागलं. व्हर्ना मात्र हसली नाही, त्याचा हात तिथून निघेपर्यंत बघत राहिली.

मार्चमध्ये ती गेली. आता नोव्हेंबर संपत आला होता आणि दिलेला शब्द तसाच राहिला होता.

रेनोने जन्मभर धान्याच्या कोठारांत वायरमनचं काम केलं. आता तो घरी बसला होता आणि दर शुक्रवारी इंटरनेटवर ‘रेनोचं म्हणणं’ नावाचं सदर लिहीत होता. त्याला मतं फार. कंपन्यांनी फोनमधलं हेडफोनचं भोक बुजवलं तेव्हा कित्येक आठवडे त्याने दुसऱ्या कशावर लिहिलं नाही. ज्या यंत्राची बॅटरी घरच्या घरी बदलता येत नाही ते आपण विकत घेतलेलं नसतं, आपल्याला वापरायला दिलेलं असतं, असं तो म्हणे. महिन्याच्या महिन्याला पैसे भरून गाणी ऐकणाऱ्यांवर तर त्याचा विशेष राग. ‘एक हप्ता चुकला की तुमच्या तरुणपणाची सगळी गाणी उचलून नेतील,’ त्याने लिहिलं होतं. ‘विकत घ्या, घरात ठेवा. माझ्या घरात जे आहे ते बाहेरच्याने येऊन पुसायचं नाही.’ संगीताच्या कंपन्यांबद्दल बोलायला लागला की थांबत नसे. ‘त्यांना मेलेला गायक सगळ्यात आवडतो. तो भांडत नाही, आणि त्याच्या खोकल्याचंसुद्धा रेकॉर्ड काढता येतं.’

"तुझं वाचलं की वाटतं," व्हर्ना एकदा म्हणाली होती, "लहानपणी तुला टोस्टरने दगा दिला असणार."

"टोस्टरने नाही. टेपरेकॉर्डरने."

त्याच्या इतर मतांचं काय व्हायचं ते होवो, एक मत मात्र तो नेमाने पाळत होता. घरातल्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. एक संगणकावर, एक शेजारच्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावात, म्हणजे घराला आग लागली तरी काही जाऊ नये. रविवारी सकाळी शेजारपाजार चर्चला निघाला की रेनो तळघरात उतरे आणि प्रती ताज्या करी. अधूनमधून एक डिस्क घेऊन तो सरोवराच्या काठाकाठाने निपिगॉनला आपल्या थोरल्या बहिणीकडे, हेल्मीकडे जाई. हेल्मी जुनी डिस्क त्याला परत देई आणि नवी टॉवेलात गुंडाळून, प्रार्थनेचं पुस्तक ठेवायच्या खणात ठेवून देई. सोबत वेलदोड्याचा पाव बांधून देई. त्या डबड्यात काय आहे हे तिने कधी विचारलं नव्हतं.

माणूस विसरतो, चुकून पुसतो. म्हणून प्रतींवर लक्ष ठेवायला रेनोने एक प्रोग्राम बसवला होता. संगणकावरून काही गेलेलं दिसलं की तो शेजारच्या डिस्कवरून ते परत आणून ठेवी. एकाच गाण्याच्या दोन प्रतींत फरक पडला तर जी लांब ती खरी धरी, आणि आखूड प्रत टाकून देई. गाणं बिघडतं तेव्हा तुटतं, वाढत नाही, असा रेनोचा हिशेब होता. या नियमावर त्याने कौतुकाने एक अख्खा लेख लिहिला होता.

व्हर्ना गेल्यावर त्याने पुसायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एप्रिलमध्ये तो त्या गाण्यांशी बसला. लाल हातमोज्यांचं एक अंगाईगीत होतं, व्हर्नाने आपल्या मुलीसाठी, कारासाठी, ती पाळण्यात असताना बांधलेलं. त्याच्या मध्यावर व्हर्ना थांबते आणि दोघांचं थोडं बोलणं होतं. ते बोलणं रेनोला ऐकवेना. तेवढा तुकडा त्याने कापला, दोन्ही टोकं सफाईने जोडली आणि गाणं त्याच नावाने जपून ठेवलं, म्हणजे मूळचं उरायला नको. त्या दिवशी त्याला वाटलं, निम्मा शब्द तरी पाळला.

मग ऑक्टोबरात, एका संध्याकाळी मन घट्ट करून त्याने शेवटच्या हिवाळ्याची सगळी गाणी संगणकावरून पुसली. ‘नक्की?’ असं संगणकाने विचारलं, त्याने ‘हो’ दाबलं. रविवारी खाली उतरला तर पडद्यावर हिरवी खूण होती. ‘हरवलेल्या फाइली परत आणल्या. सगळं सुरक्षित आहे.’

प्रोग्राम बंद करून पुन्हा पुसणं एवढंच काम होतं. रेनो खुर्चीत बसून ती हिरवी खूण बघत राहिला. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली. मी तर पुसलं होतं, असं आता म्हणता येणार होतं. ती गाणी तशीच राहिली. ऐकायचा धीर मात्र त्याला होत नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी कारा आली. ती शाळेची बस चालवायची. बुटांवरचं बर्फ दारातच आपटून झाडलं आणि गुलाबी साखर माखलेल्या, पर्शिअन नावाच्या गोड पावांचं खोकं तिने टेबलावर ठेवलं.

"खा. वाळलायस नुसता."

"तू आधी बस तरी."

ती बसली. कॉफीत चमचा फिरवत राहिली.

"टोरांटोहून एकाचा फोन आला होता. ट्रेंट का कोण. म्हणतो, तुमच्या आईची शेवटची गाणी रेनो टुओमीकडे आहेत, आम्ही त्यांचं रेकॉर्ड काढू. फार गोड बोलत होता. त्याला कसं कळलं रे?"

रेनोने खाली बघितलं. व्हर्ना गेल्यावर त्याने तिच्यावर लिहिलं होतं आणि शेवटी त्याला राहवलं नव्हतं. ती सर्वांत खरं गायली ती शेवटच्या हिवाळ्यात, आणि ते गाणं माझ्याकडे तीन ठिकाणी सुखरूप आहे, असं त्याने लिहून टाकलं होतं.

"माझ्याकडूनच," तो म्हणाला.

"वा! म्हणजे मला सांगितलं नाहीस आणि जगाला सांगितलंस."

"जग कुठे वाचतंय माझं."

"ट्रेंट वाचतो."

"तू त्याला हो म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं. मला रेकॉर्ड-बिकॉर्ड नकोय, रेनो. मला आई ऐकायचीय." तिने चमचा बशीत ठेवला. "शेवटी शेवटी मी बस चालवत होते, पोरीला हॉकीला नेत होते, आईची औषधं आणत होते. तिच्यापाशी अशी बसलेच नाही. गुरुवारी ती तुझ्याकडे गेली की मला बरं वाटायचं. दोन तास मोकळे मिळायचे ना."

"तिने पुसायला सांगितलंय, कारा. लोकांनी मला अशी आठवू नये, म्हणाली."

"मी लोक आहे का?"

रेनोने टेबलावर सांडलेली साखर बोटाने गोळा केली.

"आणि पुसलंस का तू? नाही ना? मग स्वतः ठेवायचं आणि मला देवाधर्माच्या गोष्टी सांगायच्या? तूच लिहितोस ना, माझ्या घरातलं बाहेरच्याने येऊन पुसायचं नाही? माझी आई आहे ती. तुझी कोण लागते?"

या प्रश्नाला रेनोपाशी उत्तर होतं, पण तीस वर्षांत ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, व्हर्नालाही नाही. तो उठला.

"एकच," तो म्हणाला. "एकच ऐकवतो. मग ही गोष्ट संपली."

जिना उतरताना त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, हातमोज्यांचं अंगाईगीत. ते काराचंच होतं. त्यातलं नको ते त्याने कधीच काढून टाकलं होतं. एवढं ऐकवावं, तिच्यासमोर बाकीचं पुसावं, म्हणजे मुलीचंही झालं आणि आईचंही.

कारा व्हर्नाच्याच स्टुलावर बसली. भट्टी चालू होती. रेनोने गाणं लावलं.

व्हर्नाचा आवाज आला, आधी श्वास आणि मग सूर. पूर्वीची ताकद त्यात नव्हती. काराने डोळे मिटून घेतले आणि तिचे ओठ हलायला लागले. रेनोला वाटलं, बरं केलं. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, लाल लोकरीचा हातमोजा, हरवलेला हातमोजा, आणि मग जिथे मुलीचं नाव यायचं तिथे आवाज थांबला.

इथे थांबायला नको होतं. इथे तर जोड होता.

"इथे…" व्हर्ना म्हणाली. "इथे कोणाचं तरी नाव होतं ना?"

रेनोचाच आवाज, माइकपासून लांबून: "कारा."

"कारा." ते जिभेवर घोळवल्यासारखं तिने दोनदा म्हटलं. मग पाहुण्याची चौकशी करावी तसं, अगदी सौजन्याने: "कारा कोण?"

रेनोचा हात माउसकडे गेला, पण बाण पडद्यावर भलतीकडेच सरकला. "तुझी मुलगी," त्याचा आवाज सांगत होता. "मला मुलगी आहे?" व्हर्ना विचारत होती आणि मग रडू लागली होती, मोठ्याने, लहान मूल रडतं तशी. तेव्हा कुठे त्याला बंद करता आलं.

कारा स्टुलावरून हलली नाही.

"मी तिला रोज संध्याकाळी माझं नाव सांगायचे," ती म्हणाली. "ती हसायची. मला वाटायचं ओळखते."

"मी कापलं होतं ते, कारा. शपथ सांगतो, एप्रिलमध्येच कापलं होतं."

"तुझी शपथ राहू दे."

ती वर गेली. रेनो मागून गेला तेव्हा ती दारात वाकून बूट चढवत होती. नाडी काही केल्या बांधली जाईना, तशीच तिने बुटात खोचली.

"मी शाळेतून आले की आई खिडकीतून हाक मारायची," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तो आवाज होता माझ्याकडे. एवढा एकच होता. आत्ता आठवून बघतेय तर दुसराच येतोय." दार उघडून तिने वाट बघितली, जणू रेनो यावर काही करू शकेल. "त्या ट्रेंटला मी नाही म्हणून कळवते. तू तुझं बघ."

बस नसलेल्या दिवशी ती गाडी हळू चालवायची. त्या दिवशी कोपऱ्यावर चाकं बर्फात घसरलेली त्याने खिडकीतून पाहिली. गाडी सावरली आणि गेली.

मग तो खाली आला आणि कापलेलं गाणं कुठे गेलं ते शोधत बसला. फार शोधावं लागलं नाही. एप्रिलमध्ये त्याने कापलं, त्याच्या पुढच्याच रविवारी प्रोग्रामने दोन प्रती ताडून पाहिल्या होत्या. एक आखूड, एक लांब. लांब ती खरी. आखूड टाकून दिली होती आणि हिरवी खूण केली होती. सगळं त्याने सांगितलं होतं तसंच.

त्याने प्रोग्राम बंद केला. शेवटच्या हिवाळ्याची गाणी संगणकावरून पुसली, शेजारच्या डिस्कवरून पुसली. नुसतं पुसलेलं पुन्हा काढता येतं हे त्याच्यासारखं कोणाला माहीत? म्हणून त्या रिकाम्या जागेवर त्याने संगणकाला शून्यं भरायला लावली. डिस्क घुंघुं करू लागली. तिच्यावर हात ठेवायला तो धजला नाही. त्याने एकही गाणं लावून पाहिलं नाही. एकदा बोट तिथवर गेलं होतं.

काराच्या कानातलं कसं पुसायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी रस्त्यावर चर्चला जाणाऱ्यांच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा तो तळघरात उतरला नाही. तिसरी प्रत अजून निपिगॉनला होती. त्याने हेल्मीला फोन केला.

"चर्चहून कधी येशील?"

"अकरापर्यंत. का रे, बरा आहेस ना? आवाज असा का येतोय?"

"डिस्क न्यायला येतोय."

"नवी आणतोयस?"

"नाही. फक्त न्यायलाच."

फोनमधून तिच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"व्हर्ना आहे का रे त्यात?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलंच होतं. रोज पुस्तक काढताना तिच्यासाठी दोन शब्द म्हणते मी. खणातच आहे, टॉवेलात. मी हात लावत नाही. तूच येऊन घे." मग ती म्हणाली, "पाव करून ठेवते. रस्ता निसरडा आहे, सावकाश ये."

टेबलावर पर्शिअनचं खोकं होतं तसंच होतं, वरची साखर रात्रीतून घट्ट झाली होती. रेनोने त्याच्यावर झाकण घातलं. जाकीट चढवलं, टोपी कानांवर ओढली. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर लावलेली वायर त्याने भिंतीतून उपसली, झटकून तिच्यावरचं बर्फ पाडलं, गुंडाळून मागच्या सीटवर ठेवली. काच खरवडून दिसेल एवढी मोकळी केली.

गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. रेडिओ त्याने लावला नाही. सरोवराच्या बाजूने उजेड होता, पांढरा, बिनसूर्याचा. त्याने दिवे लावले आणि गाडी निपिगॉनच्या रस्त्याला घातली.