काचेवरचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. माझ्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे आणि मनावर एका बहीण-भावाच्या अबोल्याचे ओझे आहे.

मी नवे होते तेव्हा मालक सकाळी आधी माझी काच पुसत, मग स्वतःचा चष्मा. दाखले, गुणपत्रिका, घरांचे करार, सगळे माझ्यावरून गेले. माझी प्रत मूळ कागदाच्या तोंडात मारेल, असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी आतल्या आत फुगत असे.

एकदा घाईत त्यांनीच पिन न काढता कागदांचा गठ्ठा सरकवला आणि काचेचा राईएवढा टवका उडाला. तेव्हापासून प्रत्येक प्रतीवर उजवीकडे एक काळा ठिपका उमटू लागला. काच बदला म्हणून दुरुस्तीवाला कानीकपाळी ओरडला, पण मालकांनी आज-उद्या केले.

मग निवडणूक आली. मालकांचा बालमित्र उभा होता. मालकांनी दुकान बंद ठेवून घरोघरी प्रचार केला, जिंकणार म्हणून छातीठोकपणे सांगितले. मित्र सपाटून आपटला. मालकांची धाकटी बहीण शिक्षिका. तिला मतमोजणीचे काम लागले होते. मित्राला मिळालेल्या मोजणीच्या तक्त्यांच्या प्रती मालकांनी माझ्यावर काढल्या आणि प्रत्येक प्रतीवर मित्राच्या नावासमोर ठिपका आला.

दुसऱ्या कोणाच्या कागदावर तो दिसला असता, तर त्यांनी आधी फडके घेतले असते. या वेळी त्यांनी भिंग घेतले. ही मते उडवायची खूण आहे, असे ते गल्लीभर सांगत सुटले. त्यांनी हजार प्रती वाटल्या. त्या हजारही मीच काढल्या. लोक बहिणीकडे बोट दाखवू लागले.

ती एका सकाळी दुकानात आली. गिऱ्हाइकांनी न नेलेल्या प्रती मालक तारीख घालून खालच्या खणात ठेवतात. तिने त्यातला एक दाखला काढला. तारीख निवडणुकीच्या महिनाभर आधीची, अक्षर मालकांचे, ठिपका तोच.

"दादा, चुकलो म्हण," ती म्हणाली. "एवढंच. मी कुणाला काही बोलणार नाही."

मालकांचा चेहरा उतरला. मला वाटले, सुटले एकदाचे. मग त्यांनी दाराकडे पाहिले. तिथे त्यांचे ऐकणारे चार-पाच जण उभे होते.

"म्हणजे महिनाभर आधीपासूनच तयारी चालली होती," ते म्हणाले.

तिने दाखला खणात जसाच्या तसा ठेवला आणि ती निघून गेली. त्याला आता दोन वर्षे झाली.

मालक मूर्ख नाहीत, मित्रांनो. ठिपका खोटा म्हटला, तर गल्लीने मित्राला नाकारले हे खरे ठरते आणि सख्ख्या बहिणीला आपण चारचौघांत चोर ठरवले, हेही. त्यापेक्षा ठिपका सोपा. पण मुळात तो उमटवला मीच, ही टोचणी मला सोडत नाही.

दुपारी दुकानात कोणी नसले की ते माझ्यावर कोरा कागद ठेवतात. प्रत काढून ठिपक्याकडे बघत बसतात. मग त्या प्रतीचे बारीक तुकडे करतात, फोन उचलतात आणि परत ठेवतात.

मित्रांनो, ज्या काचेतून जग बघता ती पुसत जा. टवका आपल्याच हातून उडाला असेल, तर तसे वेळीच म्हणा. माझी काच आता कुठे मिळत नाही. बहीण मात्र दोन गल्ल्यांपलीकडेच राहते.