अंगठा उमटलेली वीट

मी वीट बोलतेय. भिंतीच्या पोटात निवांत पडलेली नव्हे. भिंतीच्या टोकाला, अर्धं अंग बाहेर काढून वर्षानुवर्षं उभी राहिलेली. माझ्या एका टोकावर एका माणसाचा अंगठा उमटलेला आहे, आणि माझ्या अंगात त्याच माणसाचं रक्त मुरलेलं आहे. मला गोड बोलता येत नाही. तुडवून, थापडून आणि जाळून जिला घडवलं, तिच्याकडून गोडवा कुठून मागता?

अलाबामातल्या एका ओढ्याकाठची मी लाल माती. ओढ्याच्या वर टेकडीवर काळ्या पोरांचं कॉलेज होतं. कॉलेज म्हणजे काय, दोन इमारती आणि बाकी सगळ्या इमारतींचे मनसुबे. सकाळी विटा पाडायच्या आणि दुपारी पुस्तकं उघडायची, असा तिथला कायदा. आयसम टॉलिव्हर तिथं आला तो गणित आणि लॅटिन शिकायला. पहिल्याच सकाळी त्यानं विटांच्या मास्तरांना, ग्रेव्हलींना, तोंडावर सांगितलं, की मी चिखल तुडवायला आलेलो नाही, चिखल आमच्या घरी पुष्कळ होता.

"मग झोपणार कुठं?" ग्रेव्हली मास्तर म्हणाले. "तुझं वसतिगृह अजून या ओढ्यात आहे. काढ बाहेर."

आयसम चरफडत चिखलात उतरला. पुढं त्याचा हात बसला, आणि हळूहळू त्याला ते काम आवडायलाही लागलं. कोपरा काटकोनात आणताना दुपारची भूमिती सकाळी कामाला येते हे कळल्यावर तो दोन्हीकडे सारखाच रमला.

मी जन्मले त्या दिवशी मात्र तो रमलेला नव्हता. त्याच्या गावाहून निरोप आला होता. नांगराला जुंपायचा पोरगा कॉलेजात पाठवला म्हणून जमीनमालकानं त्याच्या बापाला कापसाच्या गिरणीसमोर, लोकांदेखत, खेचराच्या साखळीनं फोडून काढलं होतं. बाप जिवंत होता, पण एक डोळा गेला होता. आयसमनं मातीचा गोळा उचलला आणि साच्यात असा आपटला की शेजारची पोरं मागं सरली. मग दुसरा गोळा, मग तिसरा. मी त्यातलीच एक.

"कुणाच्या थोबाडीत मारतोयस?" ग्रेव्हली मास्तरांनी विचारलं. आयसमनं नुसता साचा उलटा केला. त्यानं मला साच्यातून उचललं तेव्हा त्याचा अंगठा माझ्या टोकात खोल रुतला. असली वीट मास्तर पुन्हा चिखलात टाकायचे. त्या दिवशी त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. भाजून निघाली तर तुझी."

भट्टीत काय होतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मी आत लाल झालेली असताना भट्टीची कमान ढासळली आणि एका विद्यार्थ्याचा पाय तिच्याखाली गेला. त्याचं ओरडणं मी जळता जळता ऐकलं. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या वसतिगृहाच्या भिंतींना तुम्ही कधी हात लावलात तर हे ध्यानात असू द्या.

त्या कॉलेजची एक रीत होती. शिकून बाहेर पडताना प्रत्येकानं स्वतः पाडलेली एक वीट सोबत न्यायची आणि आपल्या मालकीच्या पहिल्या भिंतीत बसवायची. कित्येकांची वीट जन्मभर दाराला टेकण म्हणूनच राहिली, तो भाग वेगळा. दुसरी शिकवण ग्रेव्हली मास्तरांची. भिंतीचं टोक कधी सपाट बंद करायचं नाही. एक वीट बाहेर, एक आत, असे दात सोडायचे. उद्या कुणी भिंत वाढवली तर नवी वीट त्या दातांत अडकते आणि जुनी भिंत नवीला धरून ठेवते.

आयसमनं मला पिशवीत टाकलं, बीजगणिताच्या पुस्तकाशेजारी. त्या पिशवीत मी पुष्कळ गावं पाहिली. तो दुसऱ्यांच्या भिंती बांधत होता, आणि चांगल्या बांधत होता, हेच काहींना खुपायचं. एका शहरात गोऱ्या गवंड्यांनी तो वर असताना परांचीला बांधलेला दोर कापला. तो खाली पडला तेव्हा त्याच्या बरगड्या आणि कंबर मोडली. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी पिशवी चाचपली. तेव्हापासून तो लंगडत चालायचा, आणि तेव्हापासून त्यानं ठरवलं की आता भिंत बांधायची ती आपली.

ती त्यानं कोल्टन गावात बांधली, भर रस्त्यावर. वर पाटी, 'टॉलिव्हर बंधू, बांधकाम'. गावाबाहेर स्वतःची वीटभट्टी. त्याची बायको ओडेसा हिशेबाला आणि तोंडाला दोन्हीकडे पक्की. कामाचा माल कमी आला तर गाडीवाला तिच्यासमोर घाम पुसायचा. पूर्वेच्या टोकाला आयसमनं दात सोडले, आणि छातीइतक्या उंचीवर, बाहेर आलेल्या दाताच्या जागी, मला बसवलं. अंगठ्याचा खड्डा बाहेरच्या बाजूला. मी अर्धी भिंतीत, अर्धी वाऱ्यात. मला अभिमान वाटला, का नाही वाटणार?

माझ्यासमोर रिकामी पट्टी होती, आयसमनंच रीतसर विकत घेतलेली. पट्टीपलीकडे क्लाइड मॅब्रीचं बियाण्यांचं आणि चाऱ्याचं दुकान. तो गोरा. दुकान बापाचं, गिऱ्हाईक बापाचं, आणि बापाच्या वेळी शेजारी काळ्या माणसाची दोनमजली इमारत नव्हती हे त्याचं दुःख.

ओडेसाला ते आधी कळलं. "टोक बंद करून टाक," ती म्हणाली. "तो माणूस रोज दारात उभा राहून या दातांकडे बघतो. मला ते बघणं आवडत नाही."

"बंद केलं की मीच म्हटल्यासारखं होतं, टॉलिव्हर इथं संपले."

"संपू नयेत म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. पण त्यानं ऐकलं नाही.

मग आयसमचा धाकटा भाऊ होशिया फ्रान्समधल्या लढाईवरून परतला. लष्करात तो विजेचं काम शिकला होता. जळालेली मोटर उघडून तो तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचा, आणि मोटर पुन्हा फिरायला लागली की पोरासारखा हसायचा. त्याच्या दुकानासाठीच ती रिकामी पट्टी होती. कापूस निघून गावात पैसा आला की भिंत वाढवायची, असं ठरलं.

एके दिवशी मॅब्री पट्टी ओलांडून आला आणि बुटाच्या टोकानं खालच्या दाताला ठोसलं.

"आयसम, हे काय निघालंय?"

"भावाची खोली यायची आहे, मॅब्री साहेब."

"आणि त्या खोलीलाही असेच दात सोडणार?"

इथं खाली बघून हसायचं असतं. 'कसले दात साहेब, दोन दिवसांत घासून टाकतो' म्हणायचं असतं. त्या गावात जन्मलेल्या प्रत्येक काळ्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. आयसमच्या तोंडून मात्र कॉलेज बोललं.

"हो साहेब. आम्हाला तसंच शिकवलंय."

मॅब्रीनं हा आपल्या दुकानावरचा हल्लाच मानला. पुढची भिंत कुठं जाऊन थांबणार, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागला. विचारता विचारता गोष्ट वाढत गेली.

शनिवार होता, बाजाराचा दिवस, डोक्यावर ऊन. ते घण घेऊन आले. मॅब्री पुढं, मागं त्याचे मित्र, त्यांच्यामागं ज्यांना दुसरं काही काम नव्हतं ते सगळे. समोरच्या ओट्यावर शेरीफ भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. तो उठला नाही.

पहिला घाव खालच्या दातावर बसला. दुसरा माझ्या शेजारणीवर; ती दोन तुकडे होऊन पडली. होशिया लष्करी कोट चढवून बाहेर आला, हातात काही नव्हतं. त्यानं एकाच्या हातातला घण धरला तेवढ्यात दहा-बाराजण त्याच्यावर तुटून पडले. त्याला त्यांनी पाडलं, कोटाची बटणं उपटली आणि त्याचा उजवा हात माझ्याखालच्या दगडावर धरून वर घण घातला. ज्या बोटांनी तो केसासारखी तार गुंडाळायचा ती बोटं. तो आवाज माझ्यात अजून आहे. मग कुणीतरी दोर आणला, आणि तो दोर कशासाठी असतो हे तिथं शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं.

त्याच धांदलीत मॅब्रीचा घण माझ्यावर बसला. माझा एक कोपरा उडाला, चुना सुटला आणि मी खाली पडले ती आयसमच्या पायाशी. चौघांनी त्याला भिंतीशी दाबून ठेवलं होतं. होशियाच्या गळ्यात दोर पडला तसे ते चौघेही तिकडे धावले, कारण पाहण्यासारखं आता तिकडे होतं.

आयसम वाकला आणि त्यानं मला उचललं. त्याचा अंगठा बरोबर त्याच्या जुन्या खड्ड्यात बसला. ओडेसा मागच्या दारात उभी होती. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मानेनं होशियाकडे खूण केली. ती मान हलवत नाही नाही म्हणत होती. काय होणार ते तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. पण खोटं कशाला बोलू? मला त्या वेळी मॅब्रीच्या तोंडावर बसायचं होतं.

"क्लाइड," आयसमनं हाक मारली.

नुसतं नाव. साहेब नाही, मॅब्री नाही. एवढ्या गोंगाटातही ती हाक सगळ्यांना ऐकू गेली. दोर ओढणारे हातसुद्धा थांबले. मॅब्री वळला, आणि मी त्याच्या जबड्यावर बसले. हाड मोडल्याचं मला कळलं. मॅब्री गुडघ्यावर आला.

मग सगळा जमाव होशियाला सोडून आयसमवर आला. त्याला तेच हवं होतं. ओडेसानं दिराला काखेत धरलं, मागच्या दारानं खेचलं आणि विटांच्या गाडीत ताडपत्रीखाली घातलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला पाय उचलता आले नसते, असं तीच पुढं एकदा म्हणाली.

आयसमला त्यांनी त्याच्याच भिंतीशी मारलं. घणांनी, बुटांनी. तो पडला तो माझ्यावर. त्याचं रक्त मी प्यायले, वीट पाणी पिते तसं. माझ्या हातात ते नव्हतं. नंतर त्यांनी इमारतीला आग लावली. छप्पर गेलं, जिने गेले, पाटी गेली. भिंती मात्र उभ्या राहिल्या. आग आम्हाला नवीन नव्हती.

कुणालाही शिक्षा झाली नाही. मॅब्रीचा जबडा वाकडा जुळला आणि मरेपर्यंत त्याचे शब्द एका बाजूनं गळत राहिले, एवढाच काय तो न्याय.

होशिया बरेच दिवस टेकडीवरच्या कॉलेजात लपून होता. परतला तेव्हा उजव्या हाताचा नुसता गोळा उरला होता. तो डाव्या हातात छिन्नी घेऊन थेट पूर्वेच्या टोकाशी आला. अजून काही दात शाबूत होते. ते त्याला भुईसपाट करायचे होते.

"बाजूला हो वहिनी," तो म्हणाला. "या दातांनी माझा भाऊ खाल्ला."

ओडेसा दातांसमोर उभी राहिली. "तुझा भाऊ क्लाइड मॅब्रीनं मारला. आणि त्याचं अर्धं राहिलेलं काम तू पुरं करायला निघालास?"

होशिया भिंतीला डोकं टेकून रडला. ती त्याला रडू देत राहिली. मग राखेच्या ढिगातून तिनं मला शोधून काढलं आणि बादलीत बुडवलं. पाणी लाल झालं. तिनं ते ओतून दुसरं घेतलं, तेही लाल झालं. तिसऱ्यांदा तिनं पाणी बदललं नाही.

"वीट भिजवून घ्यायची असते," ती म्हणाली. "नाहीतर चुन्यातलं पाणी ती ओढते आणि धरत नाही. बसव. तुझ्या हातानं बसव."

त्यानं मला डाव्या हातानं माझ्या जागी बसवलं. वाकडी बसवली. तिनं ठोकून सरळ केली.

गाव मात्र विटांशिवाय चालत नव्हतं, आणि भट्टी टॉलिव्हरांचीच होती. तोंड फिरवून का होईना, लोक आले. छप्पर पुन्हा चढलं. होशिया डाव्या हातानं मोटरी गुंडाळायला शिकला, पुष्कळ शिव्या देत शिकला. त्या पट्टीत मात्र कुणी पाया खणला नाही. मॅब्री मेला, त्याच्या पोरांनी दुकान विकलं, मी आपली वाऱ्यात उभी.

आता होशियाचा मुलगा कॉलेज करून आला आहे. इमारतींचे नकाशे काढतो, यंत्रावर आकडेमोड करतो, आणि सोबत एक वीट घेऊन आला आहे. त्याचं नावही आयसम. आज सकाळपासून पट्टीत भिंत उठते आहे. होशिया डाव्या हातात ओळंबा धरून उगीच चुका काढतो आहे. ओडेसा पार म्हातारी झाली आहे. सावलीत खुर्ची टाकून बसली आहे.

नव्या आयसमनं माझ्या खड्ड्यात अंगठा घालून पाहिला. त्याचा अंगठा लहान पडला. मग त्यानं आपली वीट उचलली.

"भिजवलीस का?" ओडेसानं विचारलं.

"भिजवली, मोठी आई."

त्यानं चुना लावला आहे. आता तो ती वीट माझ्या टोकाला भिडवील आणि मी कायमची अंधारात जाईन. अंगठा कुणाला दिसणार नाही. मला त्याचं दुःख नाही. मला याच दिवसासाठी बाहेर ठेवलं होतं. तुम्ही कधी कोल्टनला गेलात तर मला शोधू नका. भिंतीच्या कडेनं चालत शेवटच्या टोकापर्यंत जा. ते टोक सपाट असेल तर माझ्या वतीनं त्या पोराला चार शब्द सुनावा. तिथं दात असतील तर त्यांना हात लावू नका, तसेच राहू द्या.