खिशातले हात

चौकशी आयोगापुढे पहिल्या दिवशी नुसते गणवेश आले. आत माणसं नव्हती. कडक इस्त्रीचे, पट्टे आवळलेले, छातीवर बिल्ले लावलेले गणवेश एकामागून एक कचेरीच्या पायऱ्या चढले आणि बाकांवर ओळीनं बसले. अध्यक्षसाहेबांनी शपथ घ्यायला सांगितली तेव्हा त्यांनी बाह्या वर केल्या. बाह्यांच्या टोकाला काही नव्हतं.

तान्हुबाई पुढच्या बाकावर बसली होती. तिला घाई होती. घरी तिचा नवरा उंबऱ्यात बसला होता, आणि तो मेलेला होता.

खारवलीच्या खालच्या पाखाडीत, म्हणजे दर्याकडच्या वस्तीत, तेव्हा घरोघरी कुणी ना कुणी मेलेला उंबऱ्यात बसलेला असे. लढाईत मेलेले नव्हेत हो ते! लढाई संपली होती. डोंगराकडे तोंड करून सांजदिवा लावणारे वरच्या आळीतले जिंकले होते, दर्याकडे तोंड करून लावणारे हरले होते, तह झाला होता, लाडूसुद्धा वाटून झाले होते. त्यानंतर वरच्या आळीतल्याच पुरुषांना गणवेश चढवून केलेलं सरकारचं बंदोबस्त पथक आलं. भरदिवसा आलं. घरोघरी आत डोकावून दिव्याचं तोंड कुणीकडे आहे ते बघितलं. दिवा दर्याकडे दिसला की घरधन्याला उंबऱ्यात बसवलं आणि तिथंच संपवलं. गुरं मारतानाही माणूस जरा आडोसा बघतो. या हलकटांना तेवढीही लाज नव्हती.

पाखाडीतली रीत जुनी आहे. आपल्या मरणानं मेला तो मुकाट तिरडीवर जातो. मारलेला मात्र, मारणाऱ्याच्या ओंजळीतलं पाणी प्यायल्याशिवाय आडवा होत नाही. पूर्वी कधी बांधावरून खून झाला, तर खुनी मान खाली घालून यायचा, ओंजळ पुढे करायचा, मग त्याला फौजदाराच्या हवाली करायचे. यायचं नाही अशी कुणाची छाती नव्हती. या वेळी कुणीच आलं नाही.

"आला का गो?" धोंडिबा रोज विचारी.

"नाही आला."

"कोण होता ते ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक नसायला काय झालं? तरीवर होडी हाकणारा शिवदास. आपल्या पोरीच्या लग्नात आग्रह करकरून जिलबी वाढत होता की."

"मग बोलाव त्याला. बसून बसून कंबर धरली माझी."

कंबर धरली म्हणजे लाकूड झाली होती. फार दिवस उंबऱ्यात बसवलेला मेलेला पायांपासून लाकूड होत जातो. धोंडिबाचे गुडघे कधीच गेले होते. पलीकडच्या घरातला रामा तर ओठांपर्यंत लाकूड झाला. त्याच्या तोंडात आता पाण्याचा थेंब शिरणार नव्हता, म्हणजे तो कायमचा तिथंच. त्याची बायको त्याला रोज पुसून घेत असे. तान्हुबाई ते बघायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या छातीवर बोटानं टकटक करून बघायची.

म्हणून ती कचेरीत पहिल्या बाकावर बसे.

शिवदास काही परागंदा झाला नव्हता. तो कचेरीच्या दारातच उभा असायचा, आता शिपाई म्हणून. दोन्ही हात खिशात. आयोग नेमल्याचं जाहीर झालं तेव्हापासून वरच्या आळीतल्या निम्म्या पुरुषांचे हात खिशातच होते. न्हावी खिशात हात घालून दुकानात बसायचा. तलाठी शिक्का दातात धरून उमटवायचा. बाजारात उभ्याउभ्या बायका नवऱ्यांना भजी भरवायच्या. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. सरकारमान्य गोष्ट असली की लोकांना सवय होते, दुसरं काय!

"साहेब, माणूस तो आहे," तान्हुबाई उठून म्हणाली. "त्या दाराशी. त्याला म्हणावं खिशातून हात काढ."

"बाई, आरोपी बाकावर बसलेत."

"ते कपडे आहेत."

"कपड्यांनीच केलंय. पथकाचं तसं म्हणणं आहे."

"आणि कपड्यांच्या आत कोण होतं?"

"ते आयोगाच्या कक्षेत येत नाही," अध्यक्षसाहेब शांतपणे म्हणाले. माणूस सभ्य होता. बोलताना त्यांचेही हात टेबलाखाली होते.

निकाल लागला. गणवेशांना शिक्षा झाली, कपाटात ठेवायची. कसर लागू नये म्हणून वर डांबरगोळ्याही मंजूर झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी हे आपण ऐकलंय. इथं चोर सोडून चोराच्या सदऱ्याला, तीही इस्त्री मोडणार नाही अशी! खालच्या पाखाडीतले पंच भिकाजीआबा यांनी तेवढी एक हरकत घेतली. "शिक्षा तुमची तुम्ही बघा," ते म्हणाले, "पण आमच्या माणसांना पाणी पाहिजे." अध्यक्षसाहेबांनी मान डोलावली. रीतीचा मान राखला जाईल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गणवेश धोंडिबाच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. सोबत एक कारकून, किटली घेऊन. कारकुनानं गणवेशाच्या खांद्यातून पाणी ओतलं. ते बाहीतून वाहत धोंडिबाच्या तोंडात पडलं.

"झालं," कारकून म्हणाला.

धोंडिबानं ते पाणी थू करून त्याच्या बुटांवर टाकलं. "स्टार्चची चव आहे," तो म्हणाला.

"चालवून घे, तान्हू," भिकाजीआबा हळूच म्हणाले. "इतकंही कोण देतं आजकाल?"

तान्हुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आबा, तुमच्या घरचं कुणी उंबऱ्यात बसलं नाही म्हणून तुम्हाला चालतंय! माझ्या नवऱ्याला मारायला हात होते, आणि पाणी द्यायला बाही?" आबा काठी टेकत निघून गेले.

तिनं धोंडिबाच्या छातीवर टकटक केली. छाती ठक्क वाजली.

"वर चढतंय गो," धोंडिबा म्हणाला. त्याच्या आवाजात प्रथमच भीती होती.

मेलेला उंबरा सोडून कुठं जात नाही. पण उंबराच उचलला तर त्याला जावंच लागतं. तान्हुबाईनं पहार आणली आणि चौकटीतून उंबरा उखडायला घेतला. खडखडाट ऐकून पाखाडीतल्या बायका बाहेर आल्या. जी ती आपापल्या घरी गेली आणि पहार घेऊन उंबऱ्याशी बसली. दुपारपर्यंत सगळी वरात कचेरीकडे निघाली. उंबऱ्यांवर मेलेले, उंबऱ्यांखाली बायका. रामाच्या बायकोनंही रामाला आणलं. "त्याला पाणी नको," ती म्हणाली, "पण बघू दे तरी त्याला."

कचेरीत आयोगाचा निरोप समारंभ चालू होता. वरच्या आळीतले झाडून सगळे पुरुष आले होते. बायकांनी पुढच्या दारात उंबरे मांडले, मागच्या दारात मांडले, उरलेले खिडक्यांत बसवले. मग त्या बाजूला झाल्या.

दिवा कुणीकडेही लावा, मेलेल्याला ओलांडायचं नाही, हे खारवलीत दोन्हीकडचे पाळतात. आतले सगळे आतच राहिले.

"हे बेकायदेशीर आहे," अध्यक्षसाहेब म्हणाले.

"मग ओलांडा की," तान्हुबाई म्हणाली.

ऊन चढलं. भिंती जरा जवळ आल्या. कोपऱ्यात एक खोल माठ होता आणि त्यात तळाशी पाणी होतं. एकेकानं वाकून तोंड घालून बघितलं. तोंड पोचत नव्हतं. हातानं काढून घेतलं तर मिळण्यासारखं होतं. भरवायला कुणाची बायको तिथं नव्हती. पुरुष माठाभोवती खिशात हात घालून उभे राहिले आणि ओठांवरून जीभ फिरवू लागले. धोंडिबा त्यांच्याकडे बघत होता. लाकूड त्याच्या गळ्यापर्यंत आलं होतं.

अखेर शिवदासच्या उजव्या खिशात हालचाल झाली.

कोपर वर सरकलं. त्यामागून हात बाहेर आला, मनगटापर्यंत. तळवा आला नाही. मनगटाच्या पुढे परत हातच होता, तोही बाहेर आला, आणि त्याच्या पुढे आणखी. शिवदास रडू लागला. "मी काढतोय," तो म्हणाला, "मी काढतोय, पण तो संपत नाही."

तान्हुबाईनं धोंडिबाचा उंबरा अंगापुरता सरकवला आणि ती आत शिरली. तिनं तो हात धरला आणि ओढला. हात येत गेला. जमिनीवर त्याची वेटोळी पडली. तिनं एक पाय भिंतीला टेकवला, मागे वळून हाक मारली, आणि दर्यातून रापणीचं जाळं ओढतात तशा बायका तिच्या मागे ओळीनं लागल्या. बाकीच्या पुरुषांनी आपले खिसे बाहेरून घट्ट आवळून धरायचा प्रयत्न केला, पण त्यालाही हात लागतात.

"दिसला का गो तळवा?" धोंडिबानं विचारलं.

"नाही अजून. तुम्ही तोंड मिटू नका."

धोंडिबानं तोंड उघडलं. खालचा ओठ कडक होऊ लागला होता. बायकांनी पुन्हा जोर लावला.