खुंट कोणाचे

खुंट उपटायच्या हुकुमात तुम्ही खोटं लिहिलंत. 'तारापूरसमोरच्या या पाण्यात कोणाचीही वहिवाट आढळली नाही.' लिहिणाऱ्याचे पाय तरी भिजले होते का?

यंदा, त्रेसष्ट साली, नव्या वीजकेंद्राच्या कामासाठी तुम्हीच परदेशी मोजणीदार आणला होतात. स्तेपान ग्रादोवीच. युगोस्लाव्हियाचा, पण स्वतः सांगायचा क्रोएशियाचा. पाण्याची खोली मोजायला तो माझा थोरला भाऊ जानू याच्या होडीतून जायचा. समुद्राच्या तळात ठोकलेले आमचे खुंट तिथेच आहेत. त्यांना जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील आत येतो.

एका दुपारी वहिनी बोंबील वाळत घालत होती. स्तेपान मोडक्या हिंदीत घराण्याबद्दल सांगत बसला. सहाशे वर्षांपूर्वी राजाने त्याच्या पूर्वजाला एक गड आणि खालची खाडी दिली. सनद चामड्यावर, खाली मेणाची मोहोर. तुर्कांनी गड जाळला, तेव्हा घरच्यांनी सनद पिठाच्या पिंपातून पळवली. पुढे व्हिएन्नाच्या बादशहाने ती वाचून खाडी परत दिली. महायुद्धानंतर नव्या सरकारने सगळंच घेतलं. सनद आता संग्रहालयात, काचेखाली.

वहिनी म्हणाली, "चामडं ऱ्हायलं नि खाडी गेली? मंग वहाणा तरी करायच्या व्हत्या, सायेब!"

स्तेपान पोट धरून हसला. मग जानूला म्हणाला, "तुझा कागद?"

"कागद नाय. नावं हायत." नवा खुंट ठोकताना आधी ज्यांनी ठोकले त्यांची नावं घ्यायची, ही आमची रीत. जानू समुद्राकडे बघत बोलला, "दामू. त्याचा बाप देवू. त्याचा बळवंत…" नऊ पिढ्या.

स्तेपान बोटं मोजत होता. हळूच म्हणाला, "मला माझी सहाच पाठ आहेत. बाकीची चामड्यावर."

महिन्याने तुमचा माणूस आला. जानूने त्यालाही नऊ नावं सांगितली. त्याने एक शब्द लिहिला, 'तोंडी', आणि पुनवेच्या आत खुंट उपटायचा हुकूम देऊन गेला. जानू त्या दिवशी जेवला नाही.

स्तेपान जाताना नकाशाची नक्कल देऊन गेला. शिरगावच्या मास्तरांनी ती वाचून दाखवली. तुमच्या हद्दीची रेघ जिथून निघते, तिथे लिहिलंय: 'जानूचा तिसरा खुंट'. सगळी खोली तिथूनच मोजलेली आहे. खाली तुमचाच शिक्का.

पुनवेला चार दिवस आहेत. इथे कोणाचीच वहिवाट नव्हती, तर तुमची रेघ कोणाच्या खुंटापासून निघते? उत्तर लेखी द्या. तोंडी आम्हालाही चालणार नाही.