व्हर्नाच्या गाडीतले तेवीस बदल

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या डर्बी गावात डेस हॉबडेचं विम्याचं ऑफिस होतं आणि त्याच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. त्यामुळे व्हर्ना लॉटन कधी आत यायची नाही. बाहेर गाडी लावायची, हॉर्नवर हात ठेवायची, आणि डेस दिसेपर्यंत काही तो उचलायची नाही.

"आलो, आलो! अख्खं गाव गोळा करशील," डेस घाम पुसत बाहेर आला.

"गाव झोपलंय. तूही झोपला होतास. गालावर फायलीचा वळ उठलाय बघ."

डेसने गालावरून हात फिरवला. ते खरं होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी दोन वाजता किंबर्लीत जागा राहणारा माणूस विरळाच.

व्हर्ना सत्तेचाळीस वर्षांची होती. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत ती घोड्यावरून गुरं वळायची. एका स्टेशनवर, म्हणजे गुरांच्या अफाट फार्मवर, गुरं कोंडताना घोडा तिच्यासकट कोसळला आणि तिच्या अंगावर पडला. तेव्हापासून कमरेखाली तिला काही जाणवत नव्हतं. पर्थच्या हॉस्पिटलात सात महिने काढून ती परत आली, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली खोगिरं शिवायला शिकली, आणि तो वारल्यावर त्याची सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडे आली. गुरांची स्टेशनं एकमेकांपासून शंभर-शंभर मैलांवर. रस्ते कच्चे, मध्ये नाले. ती एकटी जायची, तिथेच मुक्काम करायची, दहा-बारा खोगिरं दुरुस्त करून पुढच्या स्टेशनकडे निघायची.

गेल्या वर्षी तिने बऱ्यापैकी नवी लँडक्रूझर घेतली आणि स्वतःच्या सोयीने बदलून घेतली. आता तिला गाडीचा पूर्ण विमा हवा होता.

डेसने खिडकीतून फॉर्म पुढे केला. "गाडीत काय काय बदललंस ते सांग. पुढचा लोखंडी गार्ड, मोठे टायर. एवढं लिहितो आणि पाठवतो."

"थांब." तिने शेजारच्या सीटवरून वही उचलली. "तेवीस आहेत."

"तेवीस?"

"चाकांवरचे जाड पाटे. गाडीला दोन इंच जास्त उंची. डिझेलची दुसरी टाकी. पाण्यातून जाताना हवा घ्यायला वर काढलेली नळी. रुतली तर गाडी ओढून काढायला विंच. दुसरी बॅटरी..." ती वाचत गेली. हाताने ब्रेक आणि गॅस देण्याचा दांडा, बाहेर वळणारी सीट, व्हीलचेअर उचलून मागे ठेवणारा विजेचा हात. दांड्यावर तिने स्वतः चामडं शिवलं होतं, तेही यादीत होतं.

डेसने फॉर्म दाखवला. बदलांसाठी त्यात सहा ओळी होत्या.

"बाई, हे सगळं वाचलं तर कंपनीवाले पळून जातील. सहाच लिहू. सगळे तसंच करतात."

"सगळ्यांना गाडीतून उतरून घरी चालत जाता येतं," व्हर्ना म्हणाली. तिच्या आवाजात कसलाच कढ नव्हता. हवापाण्याचं बोलावं तशी ती बोलत होती. "उद्या गाडी नाल्यात गेली आणि कंपनी म्हणाली, हा दांडा तुम्ही सांगितलाच नव्हता, तर मी काय करू? नुसती गाडी मला काय कामाची? लिही तेवीसच्या तेवीस. जागा नसेल तर कागद जोड."

डेसने कागद जोडला. त्याच्या बावीस वर्षांच्या धंद्यात एवढी लांब यादी कुणी दिली नव्हती. उलट, कमी कसं लिहावं हे लोकांना तोच समजावायचा.

आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं. कंपनीला तीन गोष्टींची इंजिनिअरची सर्टिफिकेटं हवी होती. उंचीचं होतं, दांड्याचंही होतं. व्हीलचेअर उचलणाऱ्या हाताचं नव्हतं. तो तिने जुना विकत घेतला होता आणि एका स्टेशनवरच्या वेल्डरने चासीला जोडून दिला होता.

डेस तिच्या घरी गेला. "चार बोल्ट काढले की तो हात निघतो. कंपनीला गाडीचे फोटो पाठवायचेत, तेवढ्यापुरता काढून ठेव. कुणाला कळणार?"

व्हर्ना खोगिराला टाका घालत होती. तिने सुई थांबवली.

"डेस, इतकी वर्षं तू हेच करतोस?"

ती पुन्हा शिवायला लागली आणि मग म्हणाली, "गुरुवारी ब्रूमला जाते. तिथे वॉली कासिम नावाचा इंजिनिअर आहे, अशी सर्टिफिकेटं तोच देतो. तू चल. कागदांची भाषा तुला कळते."

गुरुवारी सकाळी डेस पहिल्यांदा तिच्या गाडीत बसला. ती व्हीलचेअरवरून सीटवर गेली, सीट आत वळली, मागचा हात खाली आला, खुर्ची उचलून मागे गेला. हे सगळं होईपर्यंत डेसचा पट्टाही लावून झाला नव्हता. डाव्या हातात दांडा: ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. उजवा हात स्टिअरिंगवर. ती इतकी सहज चालवत होती, की थोड्या वेळाने तिच्या पायांकडे बघायचं तो विसरून गेला.

विलारेचा नदीवरचा पूल ओलांडला आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. मागचं चाक बसलं होतं. आदल्या दिवशीच्या कच्च्या रस्त्यावरचा धारदार दगड टायरमध्ये रुतून राहिला होता.

"मी बदलतो," डेस घाईने उतरला.

"तुला येतं?"

"म्हणजे... लहानपणी बघितलंय."

व्हर्ना हसली. तिने दारातून एक जाड चटई खाली टाकली, सीट बाहेर वळवली आणि हातांच्या जोरावर जमिनीवर उतरली. बसल्या बसल्या सरकत मागच्या चाकापाशी गेली. पान्याला लांब पाइप लावून नट सैल केले, जॅक चढवला, गाडीखालची स्टेपनी साखळीने खाली उतरवली. डांबर तापून मऊ झालं होतं. डेस कधी इकडे, कधी तिकडे, काय धरावं ते कळत नव्हतं.

"डेस, नाचू नकोस. इथे उभा राहा. अजून थोडा डावीकडे. बास."

"काय धरू?"

"काही नको. तुझी सावली पडतेय माझ्यावर. आज तुझ्या पोटाचा उपयोग झाला."

मग ती पहारीने नवं चाक बोट-बोट वर उचलून बसवत असताना डेस पंचवीस मिनिटं तिथे उभा राहिला. तिच्या पाठीवरचा शर्ट भिजून काळा झाला होता. दोनदा चाक निसटलं, दोन्ही वेळा तिने चाकाला एक कचकचीत शिवी घातली आणि पुन्हा पहार लावली. डेसने आयुष्यात बरीच कष्टाळू माणसं बघितली होती, पण असं काम त्याने पाहिलं नव्हतं. आपण हिला चार बोल्ट लपवायला सांगत होतो, हे आठवून त्याचे कान तापले.

ब्रूमला वॉली कासिम गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो तोंड वाकडं करून.

"हे कुणी जोडलं?"

"माझ्या मित्राने," व्हर्ना म्हणाली.

"मित्र आहे का वैरी? ये रे, तूही बघ."

डेस आडवा पडून बघू लागला. चासीला जिथे तो हात जोडला होता, तिथे केसाएवढी बारीक चीर होती.

"अजून दोन महिने," वॉली म्हणाला. "खुर्ची वर असताना तुटला असता. आणि तू दारात, सीट बाहेर वळवून, त्याच्याखाली असतीस."

व्हर्नाने मान वळवून त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "किती वेळ लागेल?"

"तू उद्या संध्याकाळी दे म्हणालीस, तरी परवा."

वॉलीने जाड पत्र्याचा नवा आधार केला, त्यावर तिप्पट वजन लटकवून पाहिलं आणि मगच सही केली. डर्बीला परतल्यावर डेसने आधी स्वतःची गाडी गॅरेजमधून बाहेर काढली. तिच्यातही जास्तीची बॅटरी होती, उंच केलेले पाटे होते आणि विम्याच्या कागदावर त्यातलं एकही अक्षर नव्हतं. त्याने स्वतःच्या नावाचा फॉर्म भरला आणि जोडीला कागद लावला. मग महिनाभर जुन्या गिऱ्हाइकांना, राहिलेले बदल कळवा म्हणून, एकेक करून फोन केले. काहींनी त्याला वेड्यात काढलं.

व्हर्नाच्या प्रकरणात कंपनीच्या बाईंचा पर्थहून फोन आला. डेसने स्पीकर चालू करून फोन तिच्या गाडीच्या खिडकीपाशी धरला.

"मिस लॉटन, एवढ्या दुर्गम भागात एकट्या जाणं तुम्हाला खरंच जमतं?" त्या बाईंनी अवघडून विचारलं.

व्हर्ना तोंड उघडणार तेवढ्यात डेसच बोलला, "मॅडम, माझ्याहून बरं जमतं. चाक बदलताना मी पाहिलंय." आणि त्याने रस्त्यावरचा सगळा प्रसंग सांगितला, अगदी पोटाच्या सावलीसकट. पलीकडून हसू ऐकू आलं. चार दिवसांनी विमा मंजूर झाला. गाडीची किंमत बदलांसकट आधीच ठरवून लिहिली होती.

पुढच्या जुलैत गिब रिव्हर रोडवर, दिवस मावळताना, एक बैल झुडपातून थेट गाडीसमोर आला. गार्ड, रेडिएटर, चासी, सगळं आत गेलं. व्हर्नाने रेडिओवरून हाक दिली आणि रस्ता सपाट करणाऱ्या मजुरांनी तिला बाहेर काढलं.

"मला खरचटलंय फक्त," तिने डेसला फोनवर सांगितलं. "बैल गेला बिचारा."

नुकसान बघायला आलेला माणूस यादी हातात घेऊन गाडीभोवती दोन तास फिरला. शेवटी डेसला म्हणाला, "सगळं जुळलं. चामड्याच्या टाक्यांपर्यंत. असं कधी होत नाही हो." दाव्यावर कुणी शंका घेतली नाही.

तरी नवी गाडी येऊन तयार व्हायला अकरा आठवडे लागले. ते व्हर्नाला फार जड गेले. ती चिडचिड करायची, शिवलेलं उसवून पुन्हा शिवायची. दर रविवारी डेस तिची खोगिरं स्वतःच्या गाडीतून स्टेशनांवर पोचवायचा. दोनदा रस्ता चुकला, एकदा वाळूत रुतला, आणि ती हे सगळं मैल-मैल एकटी कसं करत आली असेल ते त्याला तेव्हा कुठे नीट कळलं.

गाडी तयार झाली त्या दिवशी त्यानेच तिला ब्रूमला नेलं. वॉलीने किल्ली दिली. व्हर्ना सीटवर चढली, आत वळली, नव्या दांड्यावर हात ठेवला. तो अजून नुसताच लोखंडी होता. "याला चामडं लावायचंय," ती म्हणाली. मग खिडकीची काच खाली केली.

"माझ्या मागून ये. आणि झोपू नकोस."

डेस मागून निघाला. पहिली काही मिनिटं तिची गाडी पुढे दिसत होती, मग नुसता झगझगता सरळ रस्ता राहिला. विलारेच्या पुलाजवळच्या थांब्यावर तो पोचला, तेव्हा ती सावलीत खुर्चीवर बसून मटणाचा पफ खात होती. दुसरा एक त्याच्यासाठी कागदात गुंडाळून ठेवला होता.

"होतास कुठे?" ती म्हणाली. "गार झाला."