पडदे आणि पेट्या

“काका, भिंतीपासून आणखी पुढे घ्या. यांचा आवाज मागूनही निघतो, त्याला जागा लागते,” दुकानदार म्हणाला.

दोन्ही प्लेनर स्पीकर पुढे सरकवले. दाराएवढे उंच, बोटभर जाड. आत खोकं नाही, नुसता ताणलेला पातळ पडदा. शेजारी नेहमीचे लाकडी पेटीचे स्पीकरही आणून ठेवले होते. आठवडाभर दोन्ही ऐकायचे आणि पसंत पडतील ते ठेवायचे, असं ठरलं होतं.

“आता स्वयंपाकघरात जायचं कसं? तिरकं होऊन?” काकूंनी विचारलं.

काकांनी उभा जन्म बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवला. गळा खणखणीत, पण कर्ण्यातून बाहेर पडेपर्यंत शब्दांचा पार चेंदामेंदा व्हायचा आणि प्रवासी खिडकीशी येऊन विचारायचे, “कुठली गाडी म्हणालात?” म्हातारपणी तरी आवाज जसाच्या तसा ऐकायचा, असा त्यांनी हट्टच धरला होता. त्यात काकूंचं गुणगुणणं आड यायचं. रेकॉर्ड लागली की स्वयंपाकघरातून त्यांचंही सुरू, आणि अंतऱ्याला त्या हमखास घसरायच्या. काका खुर्चीतून ओरडायचे, “सूर!” त्या म्हणायच्या, “कळला.” आणि पुन्हा तिथेच घसरायच्या. संसारभर हेच चाललं होतं.

पडदे वाजले आणि काका हरखून गेले. गाणारी जणू समोर येऊन बसली होती. “अगं, तिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय!” मात्र खुर्ची बरोबर मधोमध हवी, जरा बाजूला सरकलं की मजा गेली. काकूंना खुर्चीत बसवलं, तर काकांना भिंतीशी उभं राहावं लागलं. “छान आहे हो,” म्हणून त्या लगेच उठल्या.

काही दिवस काका अगदी सुखात होते. मग एका दुपारी अंतरा आला, ‘सूर’ ओठांवर तयार होता, आणि ओरडावं असं काही ऐकूच आलं नाही. ते उठून आत गेले. काकू तोंड मिटून भाजी चिरत होत्या.

“बरं नाही का?”

“बरी आहे की.”

“मग गप्प का?”

“श्वाससुद्धा ऐकू येतो म्हणालात ना? म्हटलं, आपलं कशाला मध्ये? एकदाचं मनासारखं ऐकताय.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काकांना बरं वाटलं असतं.

पडदे परत न्यायला आलेला दुकानदार चाटच पडला. “आवाजात काय कमी वाटलं, काका?”

“काही नाही.”

“मग?”

“जायला-यायला अडचण होते.”

पेट्या भिंतीशी लागल्या. आवाज जरा गढूळ, पण घरभर जाणारा. खुर्ची जुन्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी आली. काकांनी तीच रेकॉर्ड लावली. अंतरा आला आणि गेला. आतून फक्त भांड्यांचा आवाज येत होता. सवय एकदा मोडली ती मोडलीच की काय, या विचाराने त्यांना चक्क भीती वाटली.

त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली आणि स्वतःच गुणगुणायला लागले. गळा घोषणांचा, गाण्याशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. अंतऱ्याला ते पार घसरले.

भांडी थांबली.

“सूर!” आतून आवाज आला.

“कळला,” काका म्हणाले, आणि पुन्हा तिथेच घसरले.